मॅजिकचं क्रीचर कार्ड कसं वाचायचं: छापलेलं आणि न छापलेलं

मेंढीकोट, रमी, बदाम सात खेळत मोठं झालेल्या माणसाला पत्त्याची किंमत कुणाला विचारावी लागत नाही. राजा राणीवर, राणी गुलामावर, हुकूम सगळ्यांवर. नियम डोक्यात असतात आणि पत्ता फक्त आपली ओळख दाखवतो. ‘मॅजिक: द गॅदरिंग’मध्ये मात्र प्रत्येक कार्ड आपला नियम अंगावर लिहूनच येतं. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्टने १९९३ साली बाजारात आणला आणि तेव्हापासून वीस हजारांहून जास्त वेगवेगळी कार्डं निघाली आहेत. एवढी कुणाचीच पाठ नसतात. ती वाचता आली म्हणजे पुरे.

हा लेख फक्त क्रीचर कार्डाबद्दल, म्हणजे तुमच्या बाजूने लढणाऱ्या प्राण्याच्या किंवा योद्ध्याच्या कार्डाबद्दल आहे, कारण नव्या भिडूचे पहिले बहुतेक डाव क्रीचरवरच जिंकले-हरले जातात. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा बोर्ड गेम कॅफेत नव्या मुलामुलींना शिकवताना मला दर वेळी तेच दिसतं. कार्डावर छापलेलं ते एक-दोन डावांत उचलतात. अडतात ते न छापलेल्या नियमांवर. हे नियम सगळ्याच क्रीचर्सना लागू असतात, म्हणून ते कुठल्याच कार्डावर छापत नाहीत. त्यामुळे छापलेलं आधी भराभर बघू आणि वेळ न छापलेल्याला देऊ.

एवढं गृहीत धरतो: नेहमीच्या दोघांच्या डावात दोघांकडे किमान ६० कार्डांचा डेक, प्रत्येकाचं लाइफ २०, सुरुवातीला हातात ७ कार्डं. समोरच्याचं लाइफ शून्यावर आणलं की डाव तुमचा.

पहिली पायरी: वरची ओळ

‘सेरा एंजल’ हे कार्ड हातात घ्या. १९९३च्या पहिल्याच संचापासून ते खेळात आहे, आणि २०२४ साली नव्या खेळाडूंना डोळ्यांसमोर ठेवून काढलेल्या ‘फाउंडेशन्स’ संचातही आहे, त्यामुळे मिळायला अवघड नाही.

वर डावीकडे नाव, उजवीकडे किंमत. किंमतीत करड्या गोलात ३ आणि पुढे पांढऱ्या सूर्याची दोन चिन्हं. म्हणजे एकूण पाच माना (कार्ड उतरवायला लागणारी शक्ती). त्यातले दोन पांढरेच हवेत, उरलेले तीन कुठल्याही रंगाचे चालतील. माना मिळतो लँड नावाच्या कार्डांमधून: प्लेन्समधून पांढरा, आयलंडमधून निळा, स्वॅम्पमधून काळा, माउंटनमधून लाल, फॉरेस्टमधून हिरवा. लँड आडवं केलं, म्हणजे टॅप केलं, की एक माना. पाच फॉरेस्ट समोर असून सेरा एंजल उतरवता येत नाही, कारण दोन सूर्यांची सोय झालेली नसते. हे पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला कळतं, आणि म्हणून माझा आग्रह असतो की पहिला डेक एका किंवा फार तर दोन रंगांचाच बांधावा.

एका टर्नमध्ये हातातलं एकच लँड उतरवता येतं. त्यामुळे नुसत्या लँडवर सेरा एंजल पाचव्या टर्नच्या आधी येत नाही. पहिल्या टर्नला एका हिरव्या मानाचं ‘लॅनोवार एल्व्ह्ज’ उतरवलं असेल आणि ते जगलं, तर चौथ्या टर्नला चार लँड आणि एल्फचा एक माना मिळून पाच होतात. एवढ्याशा एल्फला अनुभवी खेळाडू लगेच का मारतात, ते आता लक्षात येईल.

दुसरी पायरी: मधली ओळ

चित्राखाली ‘क्रीचर’, मग आडवी रेघ, मग ‘एंजल’. रेघेच्या डावीकडचा भाग कार्ड कसं खेळायचं ते ठरवतो. उजवीकडची जात किंवा जमात एरवी काही करत नाही. दुसरं एखादं कार्ड ‘तुमच्या सगळ्या एल्फना’ असं म्हणतं तेव्हा ती कामी येते. ‘क्रीचर’च्या आधी ‘लेजंडरी’ असेल, तर त्याच नावाची दोन कार्डं तुमच्या बाजूला एका वेळी राहू शकत नाहीत. एक ठेवायचं, दुसरं ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद कार्डांच्या गठ्ठ्यात.

ओळीच्या उजव्या टोकाला संचाचं छोटं चिन्ह असतं. काळं म्हणजे कॉमन, रुपेरी म्हणजे अनकॉमन, सोनेरी म्हणजे रेअर, नारिंगी-लाल म्हणजे मिथिक रेअर. पाकिटात ते कार्ड किती वेळा निघतं एवढंच यातून कळतं. टेबलावर त्याचा काडीचा फरक पडत नाही. कॉमन कार्डांच्या चांगल्या डेकने महागड्या डेकना हरवलेलं मी अनेकदा पाहिलंय, म्हणून नव्या माणसाने दुर्मीळ कार्डांवर पैसे घालायची घाई करू नये.

तिसरी पायरी: खालचा उजवा कोपरा

४/४. पहिला आकडा पॉवर, म्हणजे ते किती डॅमेज देतं. दुसरा टफनेस, म्हणजे एका टर्नमध्ये किती डॅमेज झालं की ते मरतं. ‘ग्रिझ्ली बेअर्स’ दोन मानाचं आणि २/२ आहे. क्रीचरची किंमत रास्त आहे का, हे जोखायला सुरुवातीला हेच माप धरा. दोन मानाला २/२ हा साधा दर. एखादं कार्ड त्याहून जास्त मागत असेल, तर जास्तीचा माना कशासाठी, ते मजकुरात शोधायचं.

चौथी पायरी: मजकुराची चौकट

सेरा एंजलवर दोनच शब्द आहेत: फ्लाइंग आणि व्हिजिलन्स. असे शब्द म्हणजे कीवर्ड. फ्लाइंगवाल्याला फक्त फ्लाइंग किंवा रीच असलेलंच क्रीचर ब्लॉक करू शकतं. व्हिजिलन्स असेल तर अटॅक करताना टॅप व्हावं लागत नाही. दुसरा शब्द नवे लोक दुर्लक्षून पुढे जातात. माझ्या मते सेरा एंजलचं खरं मोल त्यातच आहे: ती अटॅकला जाऊनही समोरच्याच्या टर्नमध्ये पहाऱ्याला उभी असते.

गंमत म्हणजे १९९३च्या कार्डावर ‘व्हिजिलन्स’ हा शब्द नव्हता. तिथे ‘अटॅक करताना टॅप होत नाही’ अशा अर्थाचं वाक्य होतं. कीवर्ड २००४ साली आला. तसंच जुन्या कार्डांवर मधल्या ओळीत ‘क्रीचर’ऐवजी ‘समन’ असं छापलेलं दिसेल. दादांच्या किंवा मामाच्या कपाटातून जुनी कार्डं मिळाली तर गोंधळू नका. एकाच नावाच्या दोन कार्डांवर वेगळा मजकूर असला, तरी नियम दोघांना एकच, आणि तो सर्वात अलीकडचा अधिकृत मजकूर. ‘स्क्रायफॉल’ किंवा कंपनीच्या ‘गॅदरर’ या संकेतस्थळांवर कार्डाचं नाव टाकलं की तो दिसतो.

लांब मजकूर असेल तर तीन गोष्टी शोधा. वाक्यात अपूर्णविरामाची दोन टिंबं असतील, तर डावीकडे किंमत आणि उजवीकडे परिणाम. किंमत द्याल तेव्हाच ते होतं. ‘व्हेन’, ‘व्हेनएव्हर’ किंवा ‘अॅट’ने वाक्य सुरू होत असेल, तर ती घटना घडली की ते आपोआप होतं. दोन्ही नसतील, तर सहसा ते कार्ड टेबलावर असेपर्यंत सतत लागू. तिरक्या अक्षरांतला कंसातला मजकूर ही फक्त आठवण असते, आणि कंसाबाहेरची तिरकी ओळ कथेसाठी असते. तिच्यावरून नियम काढू नका.

‘शिवन ड्रॅगन’वर दोन टिंबांच्या डावीकडे फक्त लाल मानाचं चिन्ह आहे, उजवीकडे टर्न संपेपर्यंत +१/+०. त्यात टॅपचं चिन्ह नाही, म्हणून माना असेल तितक्या वेळा वापरता येतं. लॅनोवार एल्व्ह्जच्या डावीकडे वळलेल्या बाणाचं, म्हणजे टॅपचं चिन्ह आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लगेच लागणार आहे.

आता जे छापलेलं नाही ते

क्रीचर साधारणपणे फक्त तुमच्या टर्नमध्ये, अटॅकच्या आधीच्या किंवा नंतरच्या मेन फेजमध्येच उतरवता येतं. समोरच्याचा टर्न चालू असताना मध्येच क्रीचर टाकता येत नाही. ‘फ्लॅश’ हा कीवर्ड असेल तर मात्र येतं.

उतरलेलं क्रीचर त्याच टर्नमध्ये अटॅक करू शकत नाही. टॅपचं चिन्ह असलेली ताकदही वापरू शकत नाही. खेळाडू याला ‘समनिंग सिकनेस’ म्हणतात. म्हणून एल्फ पहिल्या टर्नला उतरला तरी माना दुसऱ्या टर्नपासून देतो. शिवन ड्रॅगनला मात्र आल्या-आल्या लाल माना देऊन फुगवता येतं, कारण तिथे टॅप नाही. ‘हेस्ट’ हा कीवर्ड असेल तर हे बंधन उठतं. ब्लॉक करायला यातलं काहीच आड येत नाही. ‘आत्ताच तर आलाय, तो ब्लॉक कसा करेल?’ हे वाक्य प्रत्येक नव्या टेबलावर एकदा तरी ऐकू येतं. करू शकतो. ब्लॉकसाठी अट एकच: क्रीचर उभं, म्हणजे अनटॅप असलं पाहिजे.

पोकेमॉनची कार्डं खेळून आलेल्या मुलांना पुढचा नियम सर्वात जड जातो. तिथे तुमचा वार समोरच्याच्या पोकेमॉनवर जातो. इथे तुम्ही समोरच्याच्या क्रीचरवर अटॅक करूच शकत नाही. अटॅक थेट खेळाडूवर होतो (त्याच्या ‘प्लेन्सवॉकर’ या वेगळ्या प्रकारच्या कार्डावरही होऊ शकतो, पण ते नंतर शिका). तुमची कोणती क्रीचर्स अटॅकला जाणार ते तुम्ही एकाच वेळी जाहीर करता आणि ती टॅप होतात. मग समोरचा ठरवतो: कुणाला अडवायचं, कशाने अडवायचं, की सगळं अंगावर घ्यायचं. म्हणजे क्रीचर्सची टक्कर होणार की नाही, हे ब्लॉक करणाऱ्याच्या हातात. त्याचा एल्फ तुम्हाला सलत असेल, तर अटॅक करून तो मरेल अशी आशा धरू नका. तो एल्फला ब्लॉकला पाठवणारच नाही.

त्याची दोन-तीन क्रीचर्स मिळून तुमच्या एकाला ब्लॉक करू शकतात, पण त्याचं एक क्रीचर एका वेळी एकालाच ब्लॉक करतं. आणि एकदा ब्लॉक झालं की झालं. त्यानंतर ब्लॉकर मेला किंवा हातात परत गेला, तरी तुमचा अटॅकर ‘ब्लॉक झालेला’च राहतो आणि खेळाडूला डॅमेज जात नाही. ‘ट्रॅम्पल’ (ब्लॉकरला मारून उरलेलं डॅमेज खेळाडूला देणारा कीवर्ड) असेल तर वेगळं.

डॅमेज एकाच वेळी लागतं. दोन्ही बाजूंची क्रीचर्स आपापली पॉवर एकदमच देतात, त्यामुळे २/२ आणि २/२ भिडले तर दोन्ही मरतात. ‘फर्स्ट स्ट्राइक’वाला आधी मारतो, हा मुख्य अपवाद.

आणि सर्वात जास्त वाद ज्यावर होतात तो नियम: टर्न संपला की जिवंत राहिलेल्या क्रीचर्सवरचं सगळं डॅमेज पुसलं जातं. ४/४ क्रीचरला तीन डॅमेज झालं, तर पुढच्या टर्नला ते पुन्हा पूर्ण ४/४. जखम साठत नाही. एकाच टर्नमधलं डॅमेज मात्र साठतं, मग ते लढतीतलं असो की स्पेलचं, म्हणजे मंत्रासारख्या कार्डाचं. पॉवर आणि टफनेस एकेकाने वाढवणारे +१/+१चे काउंटर, म्हणजे खुणा, याहून वेगळे. ते टर्न संपल्यावरही राहतात, म्हणून ते कार्डावर फासा किंवा मणी ठेवून दाखवायचे.

बरीच वर्षं खेळ सोडून परत आलेल्यांनी दोन बदल ध्यानात घ्यावेत. कॉम्बॅटचं डॅमेज ‘स्टॅक’वर, म्हणजे घडायची वाट पाहणाऱ्या परिणामांच्या रांगेत, ठेवून क्रीचर पळवण्याची युक्ती २००९ साली बंद झाली. आणि एका अटॅकरला अनेक ब्लॉकर असतील तेव्हा त्यांचा क्रम लावण्याचा नियम २०२४च्या फाउंडेशन्सपासून गेला. आता अटॅकर आपलं डॅमेज त्या ब्लॉकर्समध्ये हवं तसं वाटतो.

एक लढत मांडून बघा

वाचून हे डोक्यात बसत नाही. कार्डं नसतील तर कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहा आणि टेबलावर मांडा.

तुमची सेरा एंजल अटॅकला गेली. समोर ‘जायंट स्पायडर’ आहे: २/४, रीच. रीच असल्याने तो एंजलला ब्लॉक करू शकतो. केला, तर तो चार डॅमेज खाऊन मरतो आणि एंजलला दोन डॅमेज होतं. ती वाचली. पण टर्न अजून संपलेला नाही. समोरच्याकडे एक लाल माना शिल्लक असेल आणि हातात ‘लाइटनिंग बोल्ट’, तर तो आणखी तीन डॅमेज देईल. दोन आणि तीन पाच, टफनेस चार. एंजल गेली. तोच बोल्ट त्याने पुढच्या टर्नमध्ये टाकला असता, तर दोन डॅमेज पुसलं गेलेलं असतं आणि एंजल जगली असती. समोरच्याचे किती लँड उभे आहेत, हे अटॅकच्या आधी बघायची सवय यासाठीच लावायची.

आता उलट बाजू. समोरच्याचे ग्रिझ्ली बेअर्स, २/२, तुमच्यावर अटॅक करतायत. तुमची ४/४ एंजल व्हिजिलन्समुळे उभी आहे. अस्वल एंजलच्या अंगावर चालून येतंय म्हणजे समोरच्याने हिशेब न करता हे केलंय, असं समजू नका. तुम्ही ब्लॉक जाहीर करता आणि तो एक हिरवा माना देऊन ‘जायंट ग्रोथ’ टाकतो: टर्न संपेपर्यंत +३/+३. अस्वल ५/५ झालं. एंजलला पाच डॅमेज, ती मरते. अस्वलाला चार, टफनेस पाच, ते जगतं.

मग नवा खेळाडू हमखास विचारतो: टर्न संपल्यावर +३/+३ जातो, अस्वल परत २/२ होतं, अंगावर तर चार डॅमेज आहे, मग ते मरायला हवं ना? प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि नियमाने त्याची सोय केली आहे. टर्नच्या शेवटी डॅमेज पुसणं आणि ‘टर्न संपेपर्यंत’चे परिणाम संपणं या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी होतात. चार डॅमेज अंगावर असलेलं २/२ अस्वल अशी अवस्था कधी येतच नाही. हे एक उदाहरण नीट कळलं, तर क्रीचरचे निम्मे नियम तुमचे झाले.

मुंबईत खेळताना

कार्डं मराठीत छापली जात नाहीत, म्हणून शब्द इंग्रजीच राहतात, पण बोलायचं मराठीतच. ‘एंजलने अटॅक करतोय, ब्लॉक करणार?’ एवढं विचारा आणि उत्तराची वाट बघा. उत्तर यायच्या आत डॅमेज मोजायला लागू नका. समोरच्याला ब्लॉक करायची किंवा स्पेल टाकायची संधी त्या थांबण्यातच मिळते. आपली लँड आपल्या पोटाजवळ, क्रीचर्स त्यांच्या पुढे, समोरच्याच्या दिशेने. आपल्या घरांतल्या छोट्या टेबलांवर जागा कमी असली तरी एवढी शिस्त पाळा, म्हणजे काय टॅप आहे आणि काय उभं आहे ते दोघांना दिसतं.

कार्ड साधारण ६३ गुणिले ८८ मिलिमीटर असतं. त्याला ‘स्टँडर्ड’ मापाची प्लॅस्टिकची स्लीव्ह लागते. ‘जॅपनीज’ माप लहान पडतं. स्लीव्ह इथे चैन नाही. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा कागद शोषून घेतो, आणि चमकत्या फॉइल कार्डांत कागद आणि फॉइलचा थर वेगवेगळे फुगत-आकसत असल्याने ती कमानीसारखी वाकतात. वाकलेलं कार्ड पिसताना ओळखू येतं, आणि तसा डेक स्पर्धेत चालत नाही. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि खेळताना सगळ्या कार्डांना एकाच रंगाच्या स्लीव्ह. पंख्याखाली बसणार असाल तर स्लीव्हच्या वजनाने कार्डं जागेवरही राहतात.

लोकलमध्ये सराव करायचा असेल तर फोनवरचं ‘मॅजिक: द गॅदरिंग अॅरिना’ फुकट आहे. तिथे चुकीची चाल खेळताच येत नाही. सोयीचं आहे, पण मी आधी कागदी कार्डांवरच शिकवतो: अॅरिना चाल अडवतं, का अडवली ते प्रत्येक वेळी सांगत नाही, आणि समोर माणूस असला की ‘का?’ विचारता येतं.

शेवटी एक सराव, उत्तरासकट. तुमचं ‘कोलोसल ड्रेडमॉ’, ६/६, ट्रॅम्पल, अटॅकला गेलं. समोरच्याने एका काळ्या मानाच्या ‘टायफॉइड रॅट्स’ने, १/१, ब्लॉक केला. उंदरांना ‘डेथटच’ आहे, म्हणजे त्यांचं कितीही थोडं डॅमेज क्रीचरला मारायला पुरतं. उत्तर: तुम्ही उंदरांना एक डॅमेज देता, उरलेलं पाच ट्रॅम्पलमुळे खेळाडूला जातं, उंदीर मरतात, आणि सहा मानाचं ड्रेडमॉही मरतं. कार्डावरची ‘ट्रॅम्पल’ आणि ‘डेथटच’ ही दोन नावं झाकून हाच हिशेब पुन्हा करा: उंदीर मरतील, ड्रेडमॉ वाचेल आणि खेळाडूला शून्य डॅमेज होईल.